पुढचा खंड कधी?

पुस्तक कापण्याचं पाप माझ्या हातून एकदाच घडलं. दाढीचं नवं पातं घेतलं, पुस्तकाच्या पाठीवर पट्टी धरली आणि हजार पानांच्या पेपरबॅकचे तीन तुकडे केले. रॉबर्ट जॉर्डनच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ मालिकेतला चौथा खंड होता तो, ‘द शॅडो रायझिंग’. आम्ही तिघं मित्र आणि प्रत एक, तीही वर्गणी काढून फाउंटनच्या फुटपाथवरून घासाघीस करून आणलेली. एकाने सगळं वाचून संपवेपर्यंत बाकीच्या दोघांनी हात चोळत बसायचं, हे कोणालाच मंजूर नव्हतं. म्हणून चिठ्ठ्या टाकल्या, नंबर लावले, तुकड्यांना जुन्या कालनिर्णयच्या पानांची कव्हरं घातली. माझा नंबर तिसरा आला. पहिला तुकडा हातात पडला तेव्हा कव्हरावरच्या आषाढी एकादशीवर चहाच्या कपाचा गोल उमटलेला होता आणि आत दोघांच्याही पेन्सिलीच्या खुणा होत्या. एके ठिकाणी दुसऱ्याने पहिल्याच्या खुणेसमोर लिहिलं होतं, ‘गाढवा, नीट वाच.’

जॉर्डनच्या या मालिकेचा पहिला खंड आला जानेवारी १९९० मध्ये. आडगावातली तीन पोरं, त्यांच्या मागावर आलेला अंधार आणि त्या तिघांतला एक जगाला तारणार किंवा मोडणार असं भाकीत. इतकं सांगितलं तर यात नवं काय, असं कोणीही म्हणेल. नवं होतं ते या जगाचं भरलेपण. प्रत्येक देशाची वेगळी शिवी, वेगळा पोशाख, सौदा करायची वेगळी तऱ्हा. प्रत्येक खंडाचं पहिलं प्रकरण एकाच घडणीच्या परिच्छेदाने उघडतं: कुठेतरी वारा उठतो आणि कथेपर्यंत वाहत येतो, फक्त जागा दर वेळी वेगळी. काळाचं चाक सात युगांमधून फिरतं, गेलेलं युग पुन्हा येतं, माणसंही पुन्हा जन्माला येतात. आम्हाला उगाच अभिमान वाटायचा की हे तर आपलंच कालचक्र. अर्थात त्याने आर्थर राजाच्या कथांतूनही उचललं होतं आणि उत्तरेकडच्या ओडिनच्या दंतकथांतूनही. पण वीस-बावीसच्या वयात माणूस आपल्या घरचं तेवढंच ओळखतो.

दर नव्या खंडाआधी मागचे सगळे पुन्हा वाचायचे, हा आमचा नेम. त्याला आम्ही पारायण म्हणायचो, आधी थट्टेने, मग सवयीने. आजी चातुर्मासात श्रीधरपंतांचा पांडवप्रताप वाचायची. चौसष्ट अध्याय, दर वर्षी तेच. अभिमन्यूचा अध्याय जवळ आला की आदल्या दिवशीच सांगायची, ‘उद्या माझ्याशी कोणी बोलू नका.’ पुढे काय होणार हे तिला ठाऊक होतं, श्रीधरपंतांना ठाऊक होतं, आम्हा पोरांनाही ठाऊक होतं. तरी पदर डोळ्याला लागायचाच. तिच्या आणि माझ्या पारायणात एक मोठा फरक होता, तो मला फार उशिरा कळला. तिची पोथी पूर्ण होती.

खंडांच्या शेवटच्या पानावर लेखकाचा परिचय असे. तो आम्हाला पाठ होता. खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी ज्युनियर, जन्म १९४८. गाव साउथ कॅरोलिनातलं चार्ल्सटन. व्हिएतनाम युद्धात दोन फेऱ्या, शौर्यपदकं, मग लष्करी महाविद्यालयातून भौतिकशास्त्राची पदवी, मग नौदलासाठी अणुअभियंता. राहतं घर १७९७ साली बांधलेलं. छंद शिकार, मासेमारी, पोकर, बुद्धिबळ आणि पाईप जमवण्याचा. आणि शेवटी एक वाक्य, त्याचा मतलब असा की गृहस्थ १९७७ पासून लिहितायत आणि शवपेटीचं झाकण ठोकेपर्यंत लिहीत राहायचा त्यांचा इरादा आहे. या वाक्यावर आम्ही हसायचो. एवढा दमदार माणूस, म्हणजे आपली निश्चिंती.

या मालिकेचं वाचकांना लागलेलं वेड समजायचं असेल तर अस्मोडियनची गोष्ट ऐकायला हवी. पाचव्या खंडाच्या शेवटी, म्हणजे १९९३ मध्ये, हे पात्र एक दार उघडतं, समोरच्याला ओळखतं आणि तिथेच मरतं. मारणाऱ्याचं नाव नाही. झालं! जगभरच्या वाचकांनी संशयितांच्या याद्या केल्या, कोण कुठल्या दिवशी कुठल्या शहरात होतं याची वेळापत्रकं मांडली. जॉर्डनचं म्हणणं असं की उत्तर पुस्तकातच आहे, डोळे उघडून वाचा. कुठल्याही प्रश्नाला त्याचं ठरलेलं उत्तर, वाचा म्हणजे कळेल. इंग्रजीत त्या शब्दांची आद्याक्षरं घेऊन वाचकांनी ‘राफो’ असा शब्दच पाडला. सही घ्यायला रांगेत उभं राहायचं, प्रश्न विचारायचा आणि ‘राफो’ ऐकून खूश होऊन घरी यायचं! उत्तर अखेर छापलं गेलं तेराव्या खंडात, २०१० मध्ये, तेही कथेत नाही, मागच्या शब्दसूचीत. सतरा वर्षांनी. आमच्यातल्या एकाचा अंदाज बरोबर निघाला. त्याने पार्टी मागितली आणि आम्ही दिली.

सुरुवातीला ही गोष्ट सहा खंडांत आटपेल असा बेत होता. पण पात्रं वाढली, धागे वाढले. पहिले सहा खंड १९९० ते १९९४ या पाच वर्षांत आले, नंतर अंतर दोन वर्षांचं झालं आणि नवव्या-दहाव्याला तर त्याहूनही जास्त. दहावा, ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’, आला जानेवारी २००३ मध्ये. नवव्याच्या शेवटी जग हादरवणारी एक घटना घडते. दहाव्यात शेकडो पानं नुसती त्या घटनेकडे दुरून बघणाऱ्या लोकांची. बायका झग्याच्या चुण्या सारख्या करतायत, चहा थंड होतोय, कोणी आंघोळीला गेलंय. नायनीव्ह नावाची बाई राग आला की स्वतःची वेणी ओढते. ती किती वेळा ओढली याचा हिशेब ठेवणारे वाचकही होते. आम्ही चिडलो. मी मित्राला लिहिलेल्या पत्रात एक वाक्य होतं, ‘हा माणूस लिहितोय की टाइमपास करतोय?’ पत्र चार पानी होतं. ज्याच्यावरचा जीव उडाला त्याच्यावर कोणी चार पानं लिहीत नाही, हे आज दिसतं. पण त्या पत्रातला सूर बघितला तर तो वाचकाचा नाही, बिल्डरने ताबा द्यायला उशीर केल्यावर फ्लॅटधारकाचा असतो तसा आहे. पैसे भरलेत, आता चावी द्या.

मार्च २००६ मध्ये जॉर्डनने स्वतःच जाहीर केलं की त्याला कार्डिअक अमायलॉयडोसिस झालाय. एक प्रकारचं प्रथिन हृदयाच्या भिंतींत साचत जातं, हृदय ताठर होतं, नीट भरेनासं होतं. त्याचा अकरावा खंड नुकताच येऊन गेला होता आणि तो जुन्या ताकदीचा होता. बारावा शेवटचा, आणि कितीही जाड झाला तरी एकच, असं तो सांगत होता. वाहून न्यायला सोबत हातगाडी द्यावी लागली तरी चालेल, अशी त्यावर पुस्ती. १६ सप्टेंबर २००७ रोजी तो गेला. अठ्ठावन्न वर्षांचा होता.

बातमी मला ऑफिसात मित्राच्या फोनवरून कळली. पुढचं लिहायला जरा जड जातं. मी ‘अरेरे’ म्हणालो नाही. मी म्हणालो, ‘मग शेवटचा खंड?’ पलीकडून तो म्हणाला, ‘हो ना.’ पाचेक सेकंद दोघंही गप्प. मग तो ओशाळून म्हणाला, ‘बायको आहे रे त्याची.’

ती बायको म्हणजे हॅरिएट मॅकडूगल, पहिल्या खंडापासून त्याची संपादक. आमच्या डोळ्यांपुढे आधी अपुरं पुस्तक आलं होतं आणि मग ती बाई. हा क्रम मी नंतर पुष्कळदा मनात उलटा करून पाहिला. जमत नाही. ज्याला आपण आवड म्हणतो तिच्यात असा एक हावरा भाग असतो आणि तो वेगळा काढून टाकता येतो यावर माझा विश्वास नाही. आजीला श्रीधरपंतांच्या तब्येतीची काळजी कधी करावी लागली नाही, म्हणून तिची भक्ती निर्मळ राहिली असेल, इतकंच.

जॉर्डनच्या मरणाचा भुर्दंड भलत्याच माणसाला पडला. ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’वाला जॉर्ज मार्टिन जॉर्डनहून जेमतेम महिन्याने मोठा, जन्म तोही १९४८ चाच. १९९६ मध्ये त्याचा पहिला खंड आला तेव्हा जॉर्डनने चार शब्द कौतुकाचे लिहून दिले आणि त्याचा विक्रीला हातभार लागला, असं मार्टिन स्वतः सांगत आला. त्या उपकाराची फेड म्हणून त्याने आपल्या कादंबरीत एक सरदार घराणंच घातलं: नाव जॉर्डेन, सरदाराचं नाव ट्रेबर, म्हणजे रॉबर्ट उलटा वाचायचा, आणि निशाण सोन्याची लेखणी. हे सगळं छान. पण २००७ नंतर मार्टिनचे वाचक त्याच्या वयाकडे आणि पोटाच्या घेराकडे बघायला लागले. तुम्ही पुस्तक संपायच्या आधी गेलात तर, असं त्याला तोंडावर विचारलं गेलं. २०१४ मध्ये एका स्विस वृत्तपत्राच्या मुलाखतीत त्याने अशा लोकांना सभ्य घरात दाखवू नये असं बोट दाखवलं. मी टाळ्या वाजवल्या आणि मग आठवलं की २००७ साली तो प्रश्न विचारणाऱ्यांत मीही होतो.

आपल्याकडे अपुरा ग्रंथ ही काही नवी गोष्ट नाही. ज्या शब्दाने आपण नॉव्हेलला हाक मारतो ती बाणभट्टाची ‘कादंबरी’च बाण पुरी करू शकला नाही, मुलाने केली. नाथांचं भावार्थ रामायण युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत आलं आणि नाथ गेले. पुढचं गावबाने लिहिलं. हा गावबा म्हणजे दंतकथेतला पुरणपोळ्यांचा लोभी पोरगा, पोळ्या मिळतात म्हणून नाथांच्या घरी राहिलेला. मला ही कथा फार आवडते. त्याच्या लोभाला कोणी नावं ठेवली नाहीत. पैठणच्या त्या स्वयंपाकघरातूनच त्याला वाट सापडली.

जॉर्डनचा गावबा होता ब्रँडन सँडरसन. पहिला खंड त्याने शाळकरी वयात वाचला आणि मग आमच्यासारखाच पुढच्यांची वाट बघत मोठा झाला. जॉर्डन गेला तेव्हा तो नुकतीच तिशी ओलांडलेला, चार-दोन पुस्तकं नावावर असलेला लेखक. त्याने श्रद्धांजलीपर लेख लिहिला, तो हॅरिएटबाईंच्या वाचनात आला, त्यांनी त्याची एक कादंबरी मागवली आणि फोन केला. जॉर्डनने मागे टिपणांचा ढीग ठेवला होता, अखेरच्या दिवसांत पुष्कळ तोंडी सांगून ठेवलं होतं आणि अगदी शेवटचं दृश्य स्वतः लिहिलं होतं. एका खंडाचे तीन झाले: २००९, २०१० आणि जानेवारी २०१३. मधल्या काळात मुखपृष्ठं काढणारे डॅरेल स्वीटही गेले; चौदाव्याचं चित्र मायकल व्हेलनने काढलं. वाचकांनी कुरकुर केली ती मॅट या पात्राबद्दल. त्याचा विनोद नव्या हाताखाली ओढूनताणून आणलेला वाटायचा. कुरकुर रास्त होती आणि सँडरसनने ती मान्यही केली. पण चौदाव्या खंडातलं लढाईचं प्रकरण, एकच प्रकरण, जवळजवळ दोनशे पानांचं, मी एका रविवारी पाणी प्यायला उठलो तेवढं सोडून सलग वाचलं. या वेळी पुस्तक कापलं नव्हतं. तिघांनी तीन प्रती घेतल्या होत्या आणि तिघं तीन शहरांत होतो. पेन्सिलीने ‘गाढवा’ लिहिणारं कोणी नव्हतं.

सँडरसनचं पुढे मोठंच प्रस्थ झालं. २०२२ मध्ये त्याने सांगितलं की साथीच्या काळात कोणाला न कळवता आपण चार कादंबऱ्या लिहून ठेवल्यात. त्या छापायला १,८५,००० हून जास्त वाचकांनी मिळून चार कोटी डॉलरच्या वर रक्कम उभी केली. न मागितलेली पुस्तकं, आणि तीही पूर्ण झालेली! जॉर्डनच्या मरणातून तो एवढं तरी शिकला असावा, अशी माझी आपली समजूत.

माझी भाची मालिकेकडे वळली ती पडद्यावरून. २०२१ मध्ये सुरू झालेली तिच्यावरची वेबसिरीज तीन सीझननंतर २०२५ मध्ये अर्ध्यातच बंद पडली आणि भाची संतापून माझ्या कपाटाशी आली. चौथा खंड बघून म्हणाली, ‘मामा, हे काय केलंयस?’ तीन तुकडे, एकादशी, चहाचा गोल. मी सांगितलं. तिने ते तुकडे रबरबँड लावून नेले. दहाव्या खंडाला तिचा फोन आला, ‘अरे, यात काही घडतच नाही. हा माणूस टाइमपास करतोय का?’ माझंच वाक्य, बावीस वर्षांनी. मी तिला त्याच्या हृदयाचं सांगणार होतो. नाही सांगितलं. म्हटलं, अकरावा घेऊन जा.

दहा महिन्यांत तिने चौदाही संपवले. परवा रात्री दीडला फोन वाजला. शेवटच्या दृश्यात, जॉर्डनने स्वतः लिहिलेल्या, एक पाईप आहे. तो पेटतो. कसा पेटतो हे पुस्तकात कुठेही सांगितलेलं नाही, शब्दसूचीतही नाही.

‘मामा, तो पाईप कसा पेटला?’

‘राफो’ म्हणायची सोय नव्हती. मी दिवा लावला, चष्मा शोधला आणि म्हटलं, ‘थांब, पान काढतो. तुझं काय म्हणणं आहे, आधी ते सांग.’