शेळ्यांना विचारता येत नाही, म्हणून

मराठीत आपण घर भाड्याने घेतो, मांडव भाड्याने घेतो, सायकल भाड्याने घेतो. माणसाला मात्र कामावर ठेवतो, रोजाने बोलावतो. माणूस ‘भाड्याने आणला’ असे म्हटले, तर तो त्याचा अपमान ठरतो. वस्तू आणि माणूस यांच्यातला हा फरक भाषेने आपल्यासाठी आधीच करून ठेवला आहे. पण काम करणारी शेळी असेल, तर कोणता शब्द वापरावा?

हा प्रश्न तुम्हाला गमतीचा वाटेल. मलाही तसाच वाटला होता. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे आणि फावल्या वेळात सेवा म्हणून भाषांतरे करते, त्यामुळे शब्दांवर अडण्याची सवय आहे. मात्र या एका शब्दापाशी थांबले आणि पुढे माझीच एक चूक समोर उभी राहिली. ती तुम्हाला सांगावीशी वाटते.

भूक हेच काम

माझी मावशी कॅलिफोर्नियात एका टेकडीच्या उतारावर राहते. तिथे पावसाळा आपल्या हिवाळ्यात असतो. मे महिना आला की वाढलेले गवत वाळून सोनेरी होते आणि एका ठिणगीने पेट घेऊ शकते. म्हणून वणव्याचा धोका असलेल्या भागात घराभोवती शंभर फुटांपर्यंतचे रान कमी करून ठेवावे, असा तिथला कायदाच आहे. उतार तीव्र असेल तर यंत्र चालत नाही. गवत कापण्याच्या यंत्राचे पाते दगडावर घासले तर त्याच ठिणगीने आग लागते. तणनाशक फवारावे, तर ते मातीत उतरते. अशा वेळी लोक शेळ्यांचा कळप बोलावतात.

ही पद्धत आता तिथे नवलाची राहिलेली नाही. २००९ मध्ये गूगलने आपल्या माउंटन व्ह्यू येथील आवारातील रान उतरवण्यासाठी सुमारे दोनशे शेळ्या आणल्या होत्या. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड पार्कमधील एका अवघड उतारावर चोवीस शेळ्या सोडल्या गेल्या. तिथे माजलेल्या ‘पॉयझन आयव्ही’ या वेलीला हात लागला तरी माणसाच्या अंगावर पुरळ उठते. शेळ्या मात्र ती निवांत खातात.

शेळीची घडणच या कामाची आहे. तिचे तोंड निमुळते आणि वरचा ओठ चपळ असतो, त्यामुळे काट्यांमधले पानही ती अलगद खुडते. मागच्या पायांवर उभी राहून ती डोक्यावरच्या फांद्यांपर्यंत पोहोचते. चार कप्प्यांच्या पोटात आणि रवंथात तणाचे बहुतेक बीही जिरून जाते. मुळे मात्र जमिनीतच राहतात, म्हणून काही हंगाम कळप पुन्हा पुन्हा आणावा लागतो. राखणारा माणूस वीजप्रवाह सोडलेल्या जाळीचे तात्पुरते कुंपण घालतो, एक तुकडा साफ झाला की जाळी पुढे सरकवतो.

यात कोणावर अन्याय होतो का? पहिल्या नजरेला तर नाही. शेळीला पोटभर चारा मिळतो, घराचे रक्षण होते, मातीत विष जात नाही. तिला मारून मुटकून काही करायला लावावे लागत नाही; तिची भूक हेच तिचे काम. सृष्टीत सगळे एकमेकांच्या उपयोगी पडावे, याचे हे सुंदर उदाहरण वाटते. मलाही तसेच वाटले होते.

एका शब्दाची चूक

कळप येण्याआधी मावशीला एक अर्ज भरायचा होता. अलीकडे काही फवारले आहे का, कुत्री मोकळी असतात का, आणि पुढे झाडांची एक यादी: यांपैकी काही तुमच्या आवारात आहे का? मावशी व्हिडिओ कॉलवर एकेक नाव वाचत होती. एका नावाशी अडखळली आणि म्हणाली, “ओलिअँडर म्हणजे काय गं? तू भाषांतर करतेस ना?”

मी त्या वेळी जेवत होते. शब्द ऐकलेला होता, अर्थ आठवत नव्हता. शोधायला अर्धे मिनिट लागले असते. मी म्हणाले, “तिकडचं काहीतरी झुडूप असेल. ‘नाही’ लिही.” तिने ‘नाही’ लिहिले.

तीन-चार दिवसांनी, दुपारी कॉलेजातून परतताना, तिने पाठवलेले फोटो पाहिले. शेळ्या, जाळी, अर्धा मोकळा झालेला उतार. आणि जाळीपलीकडे, कुंपणालगत, गुलाबी फुलांनी भरलेले एक झाड. ते झाड मला माहीत होते. मावशी रोज त्याचीच फुले देवाला वाहते. परक्या देशात घराच्या मागे कण्हेर मिळाली, म्हणून तिला केवढा आनंद झाला होता!

तेव्हा कुठे मी तो शब्द शोधला. ओलिअँडर म्हणजे कण्हेर. तिचे पान, फूल, काडी सारे विषारी. वाळलेले पानही विषारीच. शेळीचा जीव जायला थोडी पाने पुरतात.

तिथे मध्यरात्र उलटली होती. मी मावशीला उठवले. ती कण्हेरीची एक डहाळी मोडून, टॉर्च घेऊन, खाली राखणाऱ्याच्या गाडीपर्यंत गेली. तो माणूस पेरू देशातला, स्पॅनिश बोलणारा. मावशीला ती भाषा येत नाही. तिने नुसती डहाळी पुढे केली. त्याने उजेडात ती पाहिली, तिच्या हातातून घेतली, आणि झाड कुठे आहे ते दाखवा, अशी खूण केली. सकाळी जाळी सरकवायची होती ती नेमकी त्याच तुकड्यावर. त्याने तो तुकडा सोडून दिला.

नुकसान शून्य, म्हणून चूक शून्य?

मावशी म्हणाली, “काही झालं नाही ना? मग सोड आता.” हिशेबाच्या भाषेत तिचे बरोबरच आहे. जे पैशात मोजता येते तेच खातेवहीत उतरते, असे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. इथे नुकसान शून्य. नोंद करायला काहीच नाही. कदाचित त्या राखणाऱ्याने सकाळी ते झाड स्वतःच ओळखले असते.

पण तुम्हीच विचार करा. मी फोटो दोन तास उशिरा पाहिले असते आणि त्यानेही झाड ओळखले नसते, तर माझी कृती काही वेगळी ठरली असती का? माझे वाक्य तेच होते, माझा आळस तेवढाच होता. फरक पडला असता तो फक्त परिणामात, आणि परिणाम माझ्या हातात नव्हता. माझ्या हातात ते अर्धे मिनिट होते. चुकीचे माप घ्यायचे तर तिथेच घ्यायला हवे.

आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली. मोकळ्या रानात शेळी थोडे इथले, थोडे तिथले असे खुडत फिरते. चव आवडली नाही तर पुढे जाते. निवडीला वाव असल्यामुळे ती पुष्कळदा विषापासून वाचते. आपण तिच्याभोवती जाळी घालतो तेव्हा नेमकी ही निवड काढून घेतो. आत जे आहे तेच तिला खायचे आहे, कारण तेवढे तिने संपवावे हाच आपला करार. मात्र या करारावर तिची सही नाही. तिला अर्ज वाचता येत नाही आणि “यात कण्हेर आहे का?” असे विचारताही येत नाही.

म्हणून तिच्या वतीने विचारणे, हे काम आपल्याकडे येते. तिची भूक वापरायला हरकत नाही. पण जाळी घालताना तिची निवड आपण आपल्या हातात घेतली आहे, तेव्हा तिची काळजीही आपल्याच हातात आली. चरण्याचे काम शेळीकडे सोपवता येते. पाहण्याचे काम कोणाकडेच सोपवता येत नाही.

बिलात नसलेला माणूस

त्या रात्री गाडीत झोपलेल्या माणसाचाही विचार मनातून जाईना. असे राखणारे रात्रंदिवस कळपाजवळच राहतात आणि त्यांना महिन्याचा ठरलेला पगार मिळतो. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये शेतमजुरांना जादा तासांचा मोबदला देणारा कायदा केला. तो शेळ्या राखणाऱ्यांना पूर्णपणे लागू झाला तर महिन्याचा पगार सुमारे ३,७३० डॉलरवरून १४,००० डॉलरवर जाईल आणि हा व्यवसायच बंद पडेल, असे कळपांच्या मालकांनी सांगितले. मालक खोटे बोलत होते असे मी म्हणत नाही. पण ही पद्धत ‘स्वस्त’ आहे असे आपण म्हणतो तेव्हा ती कोणाच्या झोपेमुळे स्वस्त आहे, हेही एकदा पाहायला हवे.

आपल्याकडे याच्या जवळची एक जुनी रीत आहे. पावसाळा सरल्यावर धनगर कळप घेऊन बाहेर पडतात आणि शेतकरी आपल्या शेतात मेंढ्या बसवून घेतो. लेंड्यांचे खत शेताला मिळते आणि धनगराला त्याबद्दल धान्य किंवा पैसे. यातही घासाघीस होते, भांडणे होतात. पण शेतकरी आणि धनगर समोरासमोर असतात. कोणत्या रानात काय फवारले आहे, हे तिथे तोंडावर विचारता येते आणि सांगावेही लागते.

भूतयज्ञाचा अर्थ

गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत आपल्या परंपरेने भूतयज्ञ सांगितला आहे. भूत म्हणजे प्राणिमात्र; त्यांच्यासाठी आपल्या अन्नातला वाटा काढून ठेवायचा. लहानपणी मला वाटायचे की हे दान आहे. आता वाटते, ही कबुली आहे. माझे घर, माझे अन्न, माझी सुरक्षितता यांत ज्यांचा हात आहे आणि ज्यांना कधीच काही मागता येणार नाही, त्यांची रोज एकदा आठवण ठेवणे. शेळीला द्यायचा वाटा घासाचाच असेल असे नाही. कधी तो अर्ध्या मिनिटाच्या लक्षाचाही असतो.

तुमच्या घराभोवती कदाचित रान नसेल. पण तुम्ही कोणाकडे तरी काम सोपवतच असाल: भांडी घासणाऱ्या ताईंकडे, सामान घरपोच आणणाऱ्या मुलाकडे, गाडी ओढणाऱ्या बैलाकडे. या आठवड्यात एकदाच करून पाहा. काम सोपवण्याआधी क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा: यात त्याला इजा होईल असे काही आहे का, जे मला माहीत आहे आणि त्याला नाही? किंवा जे मला सहज कळू शकते आणि मी शोधलेले नाही?

मावशीने यंदा पुन्हा कळप बोलावला आहे. या वेळी आम्ही दोघींनी अर्ज ओळ न ओळ वाचला. अडलेला प्रत्येक शब्द मी शोधून सांगितला. कण्हेर तिने तोडली नाही, तिच्याभोवती पक्के कुंपण घातले आणि अर्जात ‘आहे’ असे लिहिले.

आणि माझा शब्दही सापडला. शेळ्या भाड्याने घेतल्या असे मी आता म्हणत नाही. बोलावल्या, असे म्हणते. कोणाला घरी बोलावले की तो येण्याआधी आपण अंगणात एकदा डोकावून पाहतोच.