घोडा आणि स्वार एकाच देहात

स्टीपलचेस ही मुळात घोड्यांची शर्यत. १७५२ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात दोन स्वारांनी एका चर्चपासून दुसऱ्या गावच्या चर्चच्या मनोऱ्यापर्यंत ओढे, बांध, कुंपणे ओलांडत पैज लावली, असे सांगतात. मनोरा म्हणजे स्टीपल. तेच नाव शर्यतीला चिकटले. पुढे ऑक्सफर्डचे विद्यार्थी ती पायी धावू लागले. घोड्याच्या शर्यतीत दम घोड्याचा आणि अंदाज जॉकीचा: कुठे आवरायचे, कुठे सोडायचे, उडी किती अंतरावरून घ्यायची. पायी शर्यतीत दोन्ही भार एकाच माणसावर येतात. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे हा असा धावपटू आहे.

अंतर ३,००० मीटर. त्यात २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याची उडी. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर. साध्या अडथळा शर्यतीतली चौकट पाय लागताच आडवी होते. इथली जाड लाकडी तुळई जागची हलत नाही. पाय अडकला की माणूसच पडतो. पाण्याच्या उडीला तुळईवर एक पाय टेकवून पुढे झेपावायचे, खड्ड्याच्या उथळ कडेला उतरायचे आणि ओल्या बुटांनी पुन्हा लय पकडायची. दमलेल्या शेवटच्या फेरीत पावले चुकतात ती इथेच.

साबळेचे आईवडील वीटभट्टीवर राबत. शाळा सहा किलोमीटरवर, वाहन नाही. पोरगा पायीच जाई, पळे. वर्तमानपत्रांना ही कथा फार आवडते. पण पायपीट जिल्ह्यातली हजारो मुले करतात. साबळे वेगळा ठरला तो बारावीनंतर सैन्याच्या ५ महार पलटणीत गेल्यावर. सियाचिन, राजस्थान, सिक्कीम अशा नेमणुका झाल्या, २०१५ पासून तो क्रॉसकंट्री पळू लागला आणि प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले. तुळईशी गाठ पडली तेव्हा त्याने विशी ओलांडली होती. जिल्ह्यातल्या माजलगावसारख्या गावांतून आजही पोरं पहाटे रस्त्यावर पळतात, ती पोलीस किंवा सैन्य भरतीसाठी, आणि भरतीची मोजपट्टी १,६०० मीटरला संपते. त्यापुढचा दम कुणात आहे, हे पाहणारा माणूस मुलांच्या कोवळ्या वयात तालुक्याच्या मैदानावर हवा. साबळे सापडला हा योगायोग होता, आणि तो जिल्ह्याने भूषण म्हणून मिरवू नये.

२०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंद वेळ दिली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यानंतर हा विक्रम तो स्वतःच पुन्हा पुन्हा मोडत गेला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत जॉकीचे डोके दिसले. १९९८ पासूनच्या सहा स्पर्धांत या शर्यतीची सगळी पदके केनियाने नेली होती. साबळे केनियाच्या धावपटूंना चिकटून राहिला आणि शेवटी असा सुटला की सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकले, वेळ ८:११.२०. २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळाले. २०२४ च्या जुलैत पॅरिस डायमंड लीगमध्ये ८:०९.९१ आणि पुढच्याच महिन्यात त्याच शहरात ऑलिम्पिकची अंतिम फेरी, जिथे या शर्यतीत त्याआधी एकही भारतीय पुरुष पोहोचला नव्हता. तिथे तो अकरावा आला.

मे २०२५ मध्ये गुमी येथे आशियाई अजिंक्यपद त्याने जिंकले. जुलैत मोनॅकोला पाण्याच्या उडीवर तो पडला. गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली.