डॉर्चेस्टरमधून सुटलेली माणसं

ऑक्टोबर १८४९. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातल्या डॉर्चेस्टर काउंटीत राहणाऱ्या एलायझा ब्रोडेस या विधवेने वर्तमानपत्रात जाहिरात दिली. तिचे तीन गुलाम पळाले होते : हॅरी, वय सुमारे १९, बेन, २५, आणि मिंटी, २७. राज्याबाहेर पकडून दिल्यास प्रत्येकी १०० डॉलर, राज्यातच सापडल्यास ५०. यातली मिंटी म्हणजे हॅरिएट टबमन. हॅरी आणि बेन हे तिचे भाऊ घाबरून परत फिरले, त्यांच्यासोबत तीही परतली. मग त्याच शरद ऋतूत ती एकटी निघाली आणि फिलाडेल्फियाला पोचली.

टबमनची कथा एकटीच्या धैर्याची कथा म्हणून सांगितली जाते. धैर्य अफाट होतं, यात शंका नाही. पण तेवढ्यावर थांबलं की ज्या वस्तीच्या आधारावर ते धैर्य उभं होतं, ती वस्तीच नजरेआड होते.

डॉर्चेस्टर हा चेसापीक उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरचा सपाट, दलदलीचा, खाड्यांनी चिरलेला मुलूख. तंबाखूची सद्दी संपून तिथे गहू, मका आणि इमारती लाकूड आलं. गव्हाला बारा महिने राबणारे हात लागत नाहीत. मग मालक गुलामांना भाड्याने देत, काहींना मृत्युपत्राने मुक्त करत आणि पैशाची नड लागली की दक्षिणेत, कापसाच्या मळ्यांकडे विकत. टबमनच्या तीन बहिणी अशाच विकल्या गेल्या. दुसरीकडे, १८५० च्या सुमाराला काउंटीतले जवळपास निम्मे कृष्णवर्णीय कायद्याने स्वतंत्र होते. एकाच घरात बाप स्वतंत्र, आई गुलाम. आणि मूल आईच्या मालकाचं. टबमनचे वडील बेन रॉस १८४० मध्ये मुक्त झाले होते. तिचा नवरा जॉन टबमनही स्वतंत्र होता.

मालकांच्या व्यवस्थेने निर्माण केलेली ही सरमिसळच पुढे मालकांना भोवली. भाड्याने दिलेली लहानगी टबमन दलदलीतले सापळे तपासायला जाई, मोठेपणी वडिलांबरोबर जंगलात लाकूड तोडी. तिला रान पाठ झालं. बाल्टिमोरपर्यंत जाणारे कृष्णवर्णीय खलाशी बातम्या आणत. आणि स्वतंत्र शेजाऱ्यांपैकी काहींना वाचता येत होतं.

जेकब जॅक्सनचंच पाहा. १८५४ च्या डिसेंबरात त्याच्या नावे एक पत्र आलं, बाहेरगावी राहणाऱ्या त्याच्या मानलेल्या मुलाच्या सहीचं. त्यात आईवडिलांची, भावांची विचारपूस होती. टपाल उघडून वाचणाऱ्या गोऱ्यांना संशय आला, कारण त्या मुलाला ना आईवडील होते ना भाऊ. जॅक्सनने पत्र वाचलं, याचा अर्थच लागत नाही असं सांगितलं आणि तिथून निघून टबमनच्या भावांना निरोप दिला : बहीण न्यायला येते आहे, तयार राहा. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तिच्या तिघा भावांचा लिलाव ठरला होता.

त्या पलायनाचा हिशेब मात्र नुसता सुटकेचा नाही. तिघांपैकी रॉबर्टची बायको प्रसूतिवेदनांत होती. तिला आणि नुकत्याच जन्मलेल्या मुलीला मागे ठेवून तो निघाला. पळणारे आईवडिलांच्या घराजवळ चाऱ्याच्या खोपीत लपले. नाताळच्या जेवणाला मुलं येतील म्हणून आई वाट पाहत होती आणि मुलं फटींतून तिला पाहत होती. तिला सांगणं शक्य नव्हतं. तिचा आक्रोश सगळ्यांना पकडून देणारा ठरला असता. बापाने खोपीत जेवण पोचवलं आणि मुलांना निरोप दिला तो डोळ्यांवर पट्टी बांधून. उद्या कुणी विचारलं, तर मुलांना पाहिलं नाही हे त्याला खरेपणाने सांगता यायला हवं होतं.

म्हणूनच जे पळाले नाहीत त्यांनी गुलामी स्वीकारली होती, असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पदरी तान्ही मुलं असलेल्या बाईने दलदलीतून, रात्रीच्या थंडीत, कुत्र्यांचा माग चुकवत कसं जायचं? पळणाऱ्यांत तरुण पुरुष जास्त असत ते याचमुळे. टबमनची बहीण रेचेल मुलांना सोडून निघायला तयार नव्हती. १८६० मध्ये टबमन तिच्यासाठी शेवटची आली, तेव्हा रेचेल मरण पावली होती. तिच्या मुलांना सोडवायला लाच म्हणून ३० डॉलर हवे होते. तेवढे नव्हते. मुलं तिथेच राहिली.

या पार्श्वभूमीवर १८५७ चा ऑक्टोबर थक्क करतो. एका रात्रीत २८ माणसं डॉर्चेस्टरमधून निघाली आणि त्यांत लहान मुलं होती. त्याआधीच काउंटीतल्या मालकांनी दहशत बसवायचा प्रयत्न करून पाहिला होता. सॅम्युअल ग्रीन या स्वतंत्र कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाला ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी बाळगल्याबद्दल त्याच वर्षी दहा वर्षांची शिक्षा झाली. १८६२ मध्ये तो सुटला, तोही राज्य सोडून जाण्याच्या अटीवर.

सारा ब्रॅडफर्ड यांच्या चरित्रामुळे टबमनने १९ फेऱ्यांत ३०० माणसं सोडवली असं दीर्घकाळ छापलं गेलं. अलीकडच्या संशोधनात सुमारे १३ फेऱ्या आणि ७० माणसं दिसतात, बहुतेक तिचे नातलग आणि ओळखीचे. यात तिचं काही उणं होत नाही. चमत्काराचं वलय तेवढं गळतं आणि आपली माणसं आपण सोडवणारं एक गोतावळ्याचं बळ समोर येतं.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्या लोकांत जेकब जॅक्सन आणि सॅम्युअल ग्रीनही मोजायला हवेत. मुक्तिदात्यांची यादी करताना आपल्याकडेही लिंकनपाशीच हात थांबतो, आणि ते चूक आहे.

या माणसांची नावं टिकली याचं मोठं श्रेय फिलाडेल्फियाच्या विल्यम स्टिल यांचं. ते पळून आलेल्यांच्या जबान्या लिहून घेत. त्यांची आईही पूर्व किनाऱ्यावरूनच दोन मुलगे मागे ठेवून पळाली होती. १८५० मध्ये एक अनोळखी माणूस आप्तांचा शोध घेत स्टिल यांच्या कचेरीत आला. बोलता बोलता कळलं की हा मागे राहिलेला त्यांचा भाऊ पीटर. इतरांनाही आपली माणसं सापडावीत म्हणून स्टिल यांनी नोंदी जपल्या, धोक्याच्या काळात दडवून ठेवल्या आणि १८७२ मध्ये ग्रंथरूपाने छापल्या. तो ग्रंथ आज आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध आहे. टबमनच्या एखाद्या चरित्राआधी तो उघडावा आणि डॉर्चेस्टरहून आलेल्यांच्या नोंदी वाचाव्यात, ही विनंती.