गाणं दुरुस्त करताना

पुढच्या आठवड्यात मी आळंदीहून वारीबरोबर निघतेय. खांद्यावर रेकॉर्डर, हातात माइक, माइकवर वारा अडवणारी केसाळ टोपी आणि बॅगेत भरपूर प्लास्टिकच्या पिशव्या, कारण दिवे घाटात पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही. एका माहितीपटासाठी दिंड्यांचे आवाज हवे आहेत. दिग्दर्शकाने फोनवर एकच सूचना दिली, "क्लीन हवं. गाड्यांचे हॉर्न, बाकीचा कालवा, सगळं काढता येईल ना?" मी सवयीने "हो, काढू की" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवला आणि मला दीड वर्षापूर्वीचं एक गाणं आठवलं. ते आठवलं की अजूनही पोटात खड्डा पडतो.

मी साउंड इंजिनिअर आहे. आठवडाभर पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत, शनिवार-रविवार लाइव्ह कार्यक्रमांना. त्या दिवशी बारामतीकडची एकोणीस वर्षांची मुलगी वडिलांबरोबर अभंग रेकॉर्ड करायला आली होती. वडिलांनी दोन तासांचे पैसे भरले होते. पहिला तास तिचा घाबरण्यातच गेला. दुसऱ्या तासात तिने चार टेक दिले. आवाज मोकळा, शब्द स्वच्छ, पण वरच्या पट्टीत सूर किंचित खाली राहत होता. वेळ संपली. वडील घड्याळाकडे बघत होते. मी म्हटलं, "छान झालंय, काळजी करू नका."

रात्री बसून मी तिचा एकेक सूर उचलून जागेवर ठेवला. दोन श्वास कापले. तिला सांगितलं नाही. वाटलं, पोरीचं मन कशाला मोडायचं? गाणं यूट्यूबवर आलं, गावात कौतुक झालं.

सहा महिन्यांनी तिच्याच गावच्या सप्ताहात साउंडला मीच होते. ती गायली, तशीच, जशी ती गाते. वरचा सूर खालीच राहिला. पुढच्या रांगेतलं कुणीतरी बोललं, "मोबाइलमध्ये लय भारी वाटतं." कार्यक्रम संपल्यावर ती मिक्सरपाशी आली. "ताई, गाण्यात काही केलं होतं का?" मी लॅपटॉप उघडून मूळ टेक ऐकवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी रोज त्या गाण्याबरोबर रियाज करते. मला वाटायचं, तेव्हा जमलं होतं, आता का जमत नाही? घसा बिघडला म्हणून डॉक्टरकडेपण जाऊन आले."

ती एका अशा मुलीची बरोबरी करायला धडपडत होती, जी कधी अस्तित्वातच नव्हती. ती मुलगी मी रात्री दोन वाजता माउसने बनवली होती.

स्टुडिओतल्या सरांना हे सांगितलं तर ते हसले. "लग्नाच्या फोटोतले पुरळ काढतात, तेव्हा नवरीला विचारतात का?" त्यांचं म्हणणं अगदीच फेकण्यासारखं नाही. रेकॉर्डिंग म्हणजे जसंच्या तसं सत्य, असं कधीच नव्हतं. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान ग्रामोफोनच्या भोंग्यात गायल्या, तेव्हा तासभर फुलणारं गाणं त्यांना साधारण तीन मिनिटांत बसवावं लागलं. माइक कुठे ठेवायचा, चार टेकमधल्या कुठल्या ओळी जोडायच्या, हे सगळं कुणीतरी ठरवतंच. मग सूर सरळ करण्यातच एवढं पाप कसलं?

ऑटोट्यून बाजारात आलं १९९७ साली. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी जमिनीखालचं तेल शोधण्यासाठी भूकंपलहरींचा अभ्यास करत. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह' गाण्यात ते इतकं उघडउघड वापरलं गेलं की आवाज यंत्रासारखा झाला. मला त्या गाण्यात काहीच खोटं वाटत नाही. तिथे यंत्र समोर उभं आहे, ऐकणाऱ्याला ते कळतं. माझी अडचण लपवलेल्या दुरुस्तीशी आहे.

दुसरी अडचण संगीताचीच आहे. 'बरोबर सूर' म्हणजे कुठला? सॉफ्टवेअर बहुतेक वेळा सप्तकाचे बारा सारखे तुकडे करतं, प्रत्येकी १०० सेंटचे. त्यात शुद्ध गंधार येतो ४०० वर. पण तानपुरा नीट जुळला की न छेडलेला जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो साधारण ३८६ वर असतो. म्हणजे तानपुऱ्याशी तंतोतंत मिळालेला गंधार हे यंत्र चूक समजून वर ओढू शकतं. मींड तर त्याला जिन्यासारखी दिसते, ते तिच्या पायऱ्या पाडतं. त्या रात्री मी त्या मुलीचे खरंच घसरलेले सूर उचलले, तसे काही न घसरलेलेही उचलले असणार. माझी नजर पडद्यावरच्या रेषांवर होती, कान नंतर.

तरी 'दुरुस्ती वाईट' असं मला म्हणता येत नाही. मोठ्या गायकाला हवे तेवढे टेक मिळतात. तिच्याकडे दोन तास होते. ज्याला पुन्हा गाण्याचे पैसे परवडत नाहीत, त्याच्यासाठी हे बटण म्हणजे गरिबाचा रिटेक आहे. ते काढून घेतलं तर श्रीमंतांचेच सूर चोख राहतील. म्हणून माझी चूक बटण दाबण्यात नव्हती, असं मला आज वाटतं. तिच्या वतीने मी एकटीने ठरवलं आणि त्याला दया असं नाव दिलं, ती चूक होती. तिला खरं पेलणार नाही, हे मी गृहीत धरलं. समोरच्याला लहान समजणं दयेच्या वेषात आलं की ओळखू येत नाही.

आता मी प्रत्येकाला दोन फायली पाठवते, मूळ आणि दुरुस्त केलेली. हा उपायही सोपा नाही. एका गायकाने चिडून फोन केला, "मूळची पाठवलीच कशाला? मी माझ्याच मनातून उतरलो." त्याने पुन्हा काम दिलं नाही. खरं सांगण्याची किंमत असते आणि दरवेळी ती सांगणाराच भरतो असं नाही, ऐकणाऱ्यालाही भरावी लागते. तरी मी पाठवते. निदान निवड त्याची राहते.

वारीत मात्र कुणाला विचारू? दिंडीत शंभर गळे असतात. कुणाचा चढलेला, कुणाचा बसलेला, टाळ कुणाचा केसभर आधी, कुणाचा नंतर. हे सगळे सूर यंत्राने एका रेषेत आणले तर काय होतं, ते मी एकदा एका कोरसवर करून पाहिलंय. शंभर माणसांचा एकच माणूस होतो, आणि तोही पातळ आवाजाचा. गर्दी गर्दीसारखी ऐकू येते ती त्या थोड्याथोड्या फरकामुळेच. तिथे दुरुस्ती म्हणजे माणसं वगळणं.

आणि हॉर्न? रस्त्यावर तो असतोच. मागून ट्रक येतो, विणेकरी कडेला सरकतात, अभंग थांबत नाही. हॉर्न काढला तर ते न थांबणंही ऐकू येणार नाही. दिग्दर्शकाला मी काल मेसेज केला : क्लीन ट्रॅक देईन, पण सोबत मूळ ट्रॅकही देईन, आणि दोन्ही ऐकल्याशिवाय ठरवू नका. अजून उत्तर आलेलं नाही, नुसत्या निळ्या टिका.

त्या मुलीने आषाढीनंतरची तारीख घेतलीय. या वेळी चार तास. म्हणाली, "ताई, आधी मला जसंच्या तसं ऐकव. मग काय करायचं ते दोघी बघू."