तलवारीचा जाब कोणी द्यावा?

सतरा सप्टेंबर हा दिवस आमच्या सीमाभागात दोन नावांनी पाळला जातो. सरहद्दीपलीकडे तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, अलीकडे बीदर-कलबुर्गीत कल्याण कर्नाटक उत्सव दिन. झेंडा दोन्हीकडे एकच, आणि आठवणही एकच : १९४८ साली या दिवशी निजामाच्या राज्याचा शेवट झाला. त्या दिवसानंतरच्या रविवारी शब्बाथ शाळेच्या मोठ्या वर्गात आम्ही सामान्यज्ञानाचे काही प्रश्न विचारले. त्यांत एक होता : आपल्या सैन्यात सर्वांच्या वर कोण? कोणी जनरल म्हटले, कोणी फील्ड मार्शल. आम्ही उत्तर सांगितले : राष्ट्रपती. तेव्हा बारा वर्षांची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, राष्ट्रपती तर साडी नेसतात. कधी लढाईला गेल्या नाहीत. मग त्या सगळ्या सैनिकांच्या वर कशा?"

वर्ग हसला. आम्हीही हसून पुढचा प्रश्न घेतला. परंतु मुलीचा प्रश्न आमच्याबरोबर घरी आला. बीदरच्या आकाशात हवाई दलाच्या शिकाऊ वैमानिकांची विमाने आम्ही नेहमी पाहतो. त्यांचा आवाज आला की उपासनेत क्षणभर थांबावे लागते. एवढे बळ अखेर कोणाच्या शब्दावर चालते, आणि ज्याने शस्त्र कधी हाती धरले नाही त्याच्या शब्दावर ते का चालावे, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

घटनेचे उत्तर थोडक्यात असे आहे. त्रेपन्नाव्या अनुच्छेदाप्रमाणे संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे. मात्र ते कसे चालवावे हे कायद्याने ठरावयाचे. चौऱ्याहत्तराव्या अनुच्छेदाप्रमाणे राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावयाचे. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार, आणि लोकसभा निवडून देणारे आपण. २००९ च्या नोव्हेंबरात राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील पुण्याच्या तळावरून सुखोई विमानात बसल्या, तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते. जळगावकडच्या एका वकील बाईंना हवाई दलाने जो मान दिला, तो त्यांच्या युद्धकौशल्याला नव्हता. त्यांच्या मागे जे लोक उभे होते त्यांना तो होता.

येथे कोणी म्हणेल, हा तर नुसता शोभेचा हुद्दा झाला. शोभेचा हुद्दा काय करू शकतो, हे आमच्या भागाइतके थोड्यांनीच पाहिले असेल. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या लांबलचक पदव्यांत 'सिपह सालार' आणि 'फतेह जंग' या दोन पदव्या होत्या. पहिलीचा अर्थ सेनापती, दुसरीचा युद्धात विजयी. त्यांनी रणांगणावर सैन्य कधी चालविले नाही. सैन्य जनरल एल एद्रूस यांच्या हाती होते. तिसरीकडे लातूरचे एक वकील, कासिम रझवी, रझाकारांची सेना उभारून बसले होते. रझवींना लष्करातला कोणताही हुद्दा नव्हता, आणि तरी गावोगाव त्यांच्याच माणसांचा दरारा होता. एका राज्यात एकाकडे पदवी, दुसऱ्याकडे सैन्य, तिसऱ्याकडे दहशत. आणि जाब देणारा मात्र कोणीच नाही.

त्याचे फळ आमच्या वाडवडिलांनी भोगले. १९४८ च्या मे महिन्यात बसवकल्याणजवळच्या गोर्टा गावात रझाकारांनी जी कत्तल केली, तिचे नाव अजूनही हलक्या आवाजात घेतले जाते. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ ला निजामांनी युद्ध थांबविले, १८ ला एल एद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. २३ तारखेला निजाम नभोवाणीवर बोलले. रझवींच्या टोळीने राज्य बळकावले आणि आपल्याला असहाय करून सोडले, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. कदाचित ते खरेही असेल. परंतु प्रजेने विचारावे, की हुजूर, सिपह सालार तर आपणच होता ना?

गोष्ट येथे संपली असती तर आमचे काम सोपे झाले असते. पण ती संपली नाही. पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत सूड सुरू झाला आणि या वेळी मुसलमान शेजाऱ्यांची घरे पेटली. भारत सरकारने पाठविलेली पंडित सुंदरलाल यांची समिती १९४८ च्या अखेरीस फिरली. तिने सर्वाधिक झळ पोहोचलेले जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद व नांदेडबरोबर गुलबर्गा आणि बीदर आहेत. मृतांचा तिचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा होता. काही ठिकाणी गणवेशातील माणसेही त्यात सामील होती, असे तिने लिहिले. काही ठिकाणी सैनिकांनी शिस्त राखली आणि हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमानांना वाचविले, हेही लिहिले. तो अहवाल कित्येक दशके जनतेपुढे ठेवला गेला नाही. त्या वेळी दिल्लीत सर्वोच्च हुकूम मुलकी मंत्र्यांच्याच हाती होता, हे विसरून चालणार नाही.

आमच्या मंडळीतले एक वडील आता प्रभूमध्ये निजले आहेत. ते सांगत, रझाकारीत त्यांच्या आईने मुलांना घेऊन ओढ्याच्या घळीत रात्र काढली. आणि चार महिन्यांनी त्याच आईने शेजारच्या मुसलमान बाईला आणि तिच्या तान्ह्याला कडब्याच्या गंजीमागे लपविले. सांगून झाले की ते म्हणत, "हे सगळं करा म्हणून कुणी सांगितलं होतं, ते मात्र कुणीच सांगत नाही." आमच्या मते त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या वाक्यात आहे. सर्वांत वरचा हुद्दा कशासाठी असतो? 'मी सांगितले होते' असे म्हणणारे कोणीतरी असावे, यासाठी.

मग हे काम सैनिकालाच का देऊ नये? युद्ध तर त्यालाच कळते. याचे उत्तर असे, की ज्याच्या हाती शस्त्र आहे त्यानेच ते केव्हा उचलावे हे ठरविले, तर त्याला विचारणारा उरत नाही. शेजारच्या पाकिस्तानात १९५८ साली जनरल अयूब खान यांनी सत्ता घेतली आणि पुढच्याच वर्षी ते फील्ड मार्शल झाले. हुद्दा देणारे सरकारही त्यांचेच होते. आपल्याकडे माणेकशा १९७३ साली आणि कर्नाटकाचे करिअप्पा १९८६ साली फील्ड मार्शल झाले, तेव्हा त्यांना तो मान दुसऱ्याने दिला आणि त्यांच्या वर दुसरे कोणी राहिले. हैदराबादेत चौधरींनी लष्करी राज्यपाल म्हणून सुमारे सव्वा वर्ष कारभार केला. १९५० च्या आरंभी तो मुलकी हाती गेला, आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर लोकांनी निवडलेले सरकार आले. सत्ता हाती आल्यावर ती परत देणे, हेही शौर्यच होय.

मत्तयाच्या शुभवर्तमानातला शताधिपती प्रभूला हेच सांगतो, की आपल्या हाताखाली शिपाई आहेत, पण आपणही कोणाच्या तरी ताबेदारीत आहोत. तो हुद्द्याचा डौल मिरवीत नाही. हुद्दा म्हणजे काय हे त्याला ठाऊक आहे. याच्या उलट दावीद. तो राजाही होता आणि योद्धाही. उरीयाला मारण्यासाठी त्याने तलवार उपसली नाही. घरी राहून यवाबाला पत्र लिहिले आणि ते उरीयाच्याच हाती पाठविले. युद्धात माणसे मरतातच, असे म्हणून तो मोकळा झाला असता. पण नाथान संदेष्टा आला आणि तो मनुष्य तूच आहेस, असे त्याने राजाला तोंडावर सांगितले. नाथानापुढे दाविदाने यवाबाचे नाव पुढे केले नाही. पाप आपले म्हणून कबूल केले. पिलाताने मात्र पाणी मागविले आणि हात धुतले. दोघांच्याही हाती प्राणदंडाचा अधिकार होता. एकाने जाब दिला, दुसऱ्याने टाळला.

बंधुभगिनींनो, निजामाला बोल लावणे सोपे आहे, म्हणून येथे आमची एक गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका कमिटीचे चिटणीस होतो. वसतिगृहाच्या कोठीतील ज्वारी कमी भरली, म्हणून पहारेकऱ्यावर ठपका आला. त्याला बोलावून विचारावे, असे आम्हांला वाटले होते, विचारले नाही. ठराव झाला, आम्ही सही केली, तो मनुष्य बायकामुलांसह गाव सोडून गेला. दोन महिन्यांनी हिशेबाच्या वहीत बेरजेची चूक सापडली. त्याच्या वृद्ध बापाने आम्हांला बाजारात गाठून विचारले, "साहेब, माझ्या पोराला चोर कुणी ठरवलं?" आम्ही म्हणालो, "कमिटीचा ठराव होता, बाबा." सही आमची होती, आणि तोंडातून मात्र ठराव निघाला. म्हातारा काही बोलला नाही. नभोवाणीवरील निजाम आणि बाजारातले आम्ही, यांत त्या क्षणी फारसे अंतर नव्हते. पुढे कमिटीने ठराव रद्द केला, आम्ही त्या घरी जाऊन क्षमा मागितली; परंतु तो मनुष्य कामावर परत आला नाही.

तेव्हापासून आम्हांला वाटते, की अधिकार किती मोठा यापेक्षा त्याच्या शेवटी उत्तर देणारा माणूस उभा आहे की नाही, हे महत्त्वाचे. मंडळीच्या पेटीची किल्ली ज्याच्याकडे, त्यानेच हिशेब तपासू नये. ज्याने शिक्षा सुचविली, त्यानेच ती एकट्याने ठरवू नये. आणि ज्याने सही केली, त्याने 'सर्वांचे मत होते' असे म्हणू नये. सेनेच्या वर मुलकी माणूस बसविण्यात जे शहाणपण आहे, तेच हे. पण १९४८ ने शिकविले, की मुलकी माणूस बसविला एवढ्याने भागत नाही. त्याला विचारणारेही जागे असावे लागतात. साखळीचे वरचे टोक राष्ट्रपती भवनात असले, तरी खालचे टोक भालकी, औराद, आळंदच्या मतदाराच्या हाती आहे. त्याने विचारणे सोडले, की वरचा हुद्दा पुन्हा पदव्यांची माळ होऊन बसतो.

पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलीला उत्तर दिले. "बाळ, त्या लढतात म्हणून वर नाहीत. लढणाऱ्यांनी जे केले, त्याचा जाब देशाने कोणाला तरी विचारावा, म्हणून कोणीतरी वर असावे लागते." तिने थोडा विचार केला आणि विचारले, "आणि विचारायचं कुणी, सर?"

आम्ही म्हणालो, "तू. आता विचारतेस तसंच."