जपलेले ज्ञान कोणाचे?

आमच्या सौंसर-पांढुर्णा भागातील कित्येक जुन्या मराठी घरांत लाल फडक्यात बांधलेले एक दप्तर असते. त्यात मोडी लिपीतले कागद, वंशावळी, मालगुजारीच्या काळचे हिशेब. दसऱ्याला त्यावर हळदकुंकू वाहिले जाते. वाचले मात्र जात नाही.

असे दप्तर आमच्याही घरी आहे. मध्यंतरी मोडी जाणणाऱ्या एका तरुण अभ्यासकाने ते पाहावयास मागितले. आम्ही नकार दिला. शासकीय सेवेत उभे आयुष्य लोकांना नकला देण्यात गेले. घरचा कागद मात्र हातून सुटला नाही. भाऊबंदकीतील मिटलेले वाद पुन्हा उकरले जातील ही भीती होती. तरीही मन स्वस्थ राहिले नाही. त्या अस्वस्थतेत आम्हांस आसफ अली असगर फैजी यांचे स्मरण झाले.

फैजी यांचा जन्म १८९९ साली माथेरान येथे, सुलेमानी बोहरा घराण्यात झाला. मुंबई व केंब्रिज येथे शिक्षण, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद, १९४९ ते १९५१ या काळात इजिप्तमध्ये भारताचे राजदूतपद, असा त्यांचा प्रवास. मुस्लिम कायद्यावरील त्यांचा ग्रंथ १९४९ साली निघाला आणि विधी शाखेच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. परंतु त्यांचे खरे तप अरबी हस्तलिखितांत होते.

दहाव्या शतकात फातिमी खलिफांच्या दरबारी काझी नुमान यांनी ‘दआइमुल इस्लाम’ हा धर्मशास्त्राचा ग्रंथ रचला. ११७१ साली ती राजवट लयास गेली. पुढे अशा ग्रंथांना येमेनमध्ये व नंतर गुजरातेत, बोहरा समाजाने आश्रय दिला. धर्मगुरूंच्या अनुमतीवाचून ते कोणास दाखविले जात नसत. फैजी यांनी निरनिराळ्या प्रती ताडून या ग्रंथाचे संपादन केले आणि १९५१ साली त्याचा पहिला खंड कैरोतच छापला गेला. आपला इस्माईली हस्तलिखितांचा संग्रह त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयास देऊन टाकला.

हे योग्य झाले काय? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. विरोधी राजवटींत लपविणे हेच जपणे होते. ज्यांनी शतकानुशतके ते ग्रंथ सांभाळले, त्यांचा अधिकार क्षुल्लक म्हणता येत नाही. ते नसते, तर फैजींना संपादण्यास काय उरले असते?

परंतु संकट सरल्यावरही गाठ सुटली नाही, तर राखणदारच नकळत मालक होऊन बसतो. शिवाय बांधून ठेवलेल्या ग्रंथाला प्रश्न विचारता येत नाहीत. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या इस्लामविषयक आपल्या पुस्तकात फैजी यांनी धर्म आणि कायदा यांत भेद करावा, श्रद्धा राखून कायद्याचा काळानुरूप विचार व्हावा, असे प्रतिपादन केले. ते पटो वा न पटो, जुन्याची अक्षरन् अक्षर ओळख करून घेतल्यावर केलेले हे विवेचन होते, हे मान्य करावे लागते. १९८१ साली ते निवर्तले. ‘दआइम’च्या त्यांच्या इंग्रजी भाषांतराचे काम इस्माईल पूनावाला यांनी पूर्ण करून २००२ व २००४ साली दोन खंडांत प्रसिद्ध केले. खुल्या केलेल्या ज्ञानाला असा पुढचा हात मिळतो.

हा विचार करीत असता आम्ही ठरविले की, वाटणीचे कागद तूर्त बाजूस ठेवावेत आणि उरलेले त्या तरुणास दाखवावेत. दप्तर सोडले, आणि लक्षात आले की वाटणीचे कागद कोणते हेच आम्हांस कळत नाही. मोडी आमच्या वडिलांबरोबर गेली. ज्याची आम्ही एवढी राखण केली, ते काय आहे हेच आम्हांस ठाऊक नव्हते!

त्या तरुणास आम्ही पत्र धाडले आहे. हयात माणसांविषयीचे काही निघाल्यास त्यांच्या संमतीवाचून ते प्रसिद्ध करू नये, एवढीच अट घातली आहे. तो वाचील तेव्हा आम्हीही शेजारी बसणार आहोत. जमल्यास चार अक्षरे शिकूही. आपल्या घरच्या दप्तराची गाठ शेवटची केव्हा सुटली, हे वाचकांनीही एकदा आठवून पाहावे.