जागल्याला जामीन कोण?

गिरगावकराला खेड्याचा कळवळा फार, कारण त्याला तिथे राहायचं नसतं. गणपतीला आणि शिमग्याला चार दिवस जाऊन यायचं, एरवी गावकरी मंडळाच्या खोलीत बसून गाव कसं बिघडलं यावर बोलायचं. त्यामुळे इथल्याच एका व्याख्यानात एक ग्रामप्रेमी वक्ते गरजले, की पोलीस ही इंग्रजांनी आणलेली ब्याद आहे, पूर्वी गाव आपली राखण आपणच करत असे आणि आताही तसंच करावं, तेव्हा टाळ्या पडल्या याचं मला नवल वाटलं नाही. निमित्त ड्रोनचं होतं. २०२४च्या पावसाळ्यात पुणे, बीड, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतल्या गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालतात, चोर टेहळणी करतात अशी आवई उठली आणि पोरं काठ्या घेऊन रात्ररात्र जागली. वक्त्यांना त्यात ग्रामस्वराज्य दिसलं. मला राईनपाडा दिसला.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातला राईनपाडा. १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे पोचले. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप मोबाइलवर आधीच येऊन पडले होते. जमावाने त्यांना ठेचून मारलं, आणि तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. म्हणजे गावाने आपली राखण अगदी आपल्या हक्काच्या इमारतीत केली.

पण वक्त्यांच्या ‘पूर्वी’कडे जरा नीट बघू. त्यासाठी मी ज्याच्याकडे वारंवार जातो तो साहेब म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पेशवाई बुडाल्यावर जिंकलेल्या मुलखाचा अहवाल त्याने १८१९ मध्ये लिहिला. साहेब जेता होता, त्याचं सगळं खरं मानायचं कारण नाही. पण मोडायच्या आधी घर नीट पाहून ठेवावं एवढी अक्कल त्याला होती. त्याने टिपलेली पद्धत अशी: गावाचा राखणदार, म्हणजे जागल्या, हा रामोशी, भिल्ल किंवा महार. रात्री गावात कोण आलं, कोण गेलं हे त्याला ठाऊक असायला हवं. चोरी झाली की त्याने माग काढायचा. माग शिवेपलीकडे गेला तर पुढच्या गावाच्या राखणदाराच्या हवाली करायचा, त्याने तो आणखी पुढे न्यायचा. जिथे माग संपला, तिथल्यांनी माल हजर करावा, नाहीतर भरपाई करावी. यात न्याय किती होता हा वेगळा प्रश्न. गावकुसाबाहेरच्यांनी आतल्यांची तिजोरी राखायची आणि तोटाही भरायचा, ही व्यवस्था कुणाला सुवर्णयुग वाटत असेल तर त्याने डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याची काय संभावना केली ती वाचावी आणि महार वतनाविरुद्ध ते इतकी वर्षं का झगडले हेही पाहावं.

तरीही एक गोष्ट मला वक्त्यांच्या पदरात टाकावी लागते, आणि तिच्यामुळेच त्यांचा मुद्दा कोसळतो. जुन्या राखणीत हमी होती. जागल्या कोण ते सगळ्यांना माहीत असे, आणि चूक झाली तर कुणाच्या मानगुटीला धरायचं हेही. आजच्या काठीवाल्या पहाऱ्याला जामीन कोण? उद्या भलताच माणूस मेला तर ‘जमाव होता’ म्हणायचं. पूर्वीचं जे घ्यायला हवं होतं तेवढंच नेमकं यांनी टाकून दिलं.

पूर्वीचा संशय मात्र यांनी जपला. त्रिंबक नारायण अत्रे यांच्या १९१५च्या ‘गावगाडा’त फिरस्त्यांवर मोठं प्रकरण आहे. अत्रे महसूल खात्यातले, नजर तीक्ष्ण, कुणब्याबद्दलची कणव खरी. पण दारात आलेल्या फिरस्त्याकडे ते कुणब्याला नागवणारा म्हणूनच बघतात. राईनपाड्याच्या जमावाने अत्रे वाचले नव्हते हे उघड आहे. परक्याचा संशय मात्र तोच, शंभर वर्षांनी मोबाइलवरून आलेला. आणि परका नसला म्हणून तरी काय? खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी मारलेले भोतमांगे कुटुंबातले चौघे गावातलेच होते. त्यांच्या बाजूने उभा राहणारा शेजारच्या धुसाळ्याचा पोलीस पाटील काही आठवड्यांपूर्वीच मार खाऊन बसला होता. गाव म्हणजे नेमकं कोण, हे वक्त्यांनी सांगितलं नाही.

वक्ते म्हणतील, पोलीस असून तरी काय झालं? १६ एप्रिल २०२०ला पालघरमधल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक पोलिसांच्या डोळ्यांदेखत मारले गेले. बरोबर आहे, याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. टाळेबंदीतली रात्र, चोर येतात ही आवई, जागणारी गावं आणि मूठभर पोलीस. ठाणं लांब, माणसं अपुरी, हे दुखणं खरं आहे. पण त्यावर उतारा म्हणून जमावालाच वर्दीचा मान द्यायचा?

आपल्याकडे मधला माणूस आहे. १९६७च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने वंशपरंपरा बाजूला सारून नेमलेला पोलीस पाटील. प्रेत सापडलं तर पंचनाम्याला तो, गावात कुजबुज असेल तर ठाण्याला कळवायला तो, आणि भांडणात दोन्ही बाजूंच्या शिव्या खायलाही तोच. २०२४च्या मार्चमध्ये सरकारने त्याचं मानधन महिना १५ हजार केलं, तोवर ते साडेसहा हजार होतं. एवढ्यात गावाची शांतता विकत घ्यायची होती!

आता गिरगावचं. १९९३च्या जानेवारीत मुंबईतल्या चाळींनीही रात्री जागवल्या, समुद्रातून हल्ला येणार या अफवेवर. समुद्रातून दहशतवादी खरोखर आले ते २६ नोव्हेंबर २००८ला, आणि त्या रात्री चौपाटीवर नाकाबंदीला उभे होते डी. बी. मार्ग ठाण्याचे तुकाराम ओंबळे, जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. हातात लाठी. त्यांनी हल्लेखोरांपैकी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या झेलल्या, आणि तो जिवंत सापडला. पुढे खटला चालला, अपिलं झाली, २१ नोव्हेंबर २०१२ला येरवड्यात फाशी. ज्याचा गुन्हा साऱ्या जगाने पाहिला त्याला वकील मिळाला. भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना राईनपाड्यात ओळख पटवण्याइतकी सवडही मिळाली नाही.

तेव्हा पहारा जरूर द्या. फक्त संध्याकाळी पोलीस पाटलाच्या वहीत नाव लिहून, सही करून काठी उचला. कुणाला अडवलं तर पहिला फोन ११२ला. पोलीस येईपर्यंत त्याच्या अंगाला हात लागला तर त्या रात्री वहीत ज्यांची नावं आहेत त्यांनी जबाब द्यायचा. या अटीवर किती जण बाहेर पडतात ते मला बघायचं आहे.